ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ढिलं, जड, नाहीतर एकीकडं ओढतंय? बॉक्स उघडण्याआधी हे बघा

गाळप हंगाम लागला की आमच्या सांगलीकडच्या पलूस-कुंडल-ताकारी पट्ट्यात इंजिनापेक्षा जास्त तक्रारी स्टेअरिंगच्या येतात. पावसाळाभर रानात हळू चाललेला ट्रॅक्टर एकदम उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन डांबरीवर येतो, आणि रानात जे खपून जात होतं ते रस्त्यावर उघडं पडतं. पण "स्टेअरिंग गेलंय" एवढ्यावरून काही कळत नाही. त्या एका वाक्यामागं निरनिराळे दोष असतात, म्हणून आधी लक्षण ओळखा.

लक्षणं

प्ले वाढणं: हातातलं चाक वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत. सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत राहावं लागतं.

चाकं नाचणं: टॉप गिअरला एका ठराविक वेगाला पुढची चाकं थरथरतात, हातालाही ते जाणवतं. वेग कमी केला की थांबतात.

जडपणा: वळवताना खांदे भरून येतात. काही वेळा दोन्ही बाजूंना जड, काही वेळा एकाच बाजूला.

ओढ: हात जरा सैल सोडला की ट्रॅक्टर एका कडेला जातो. ब्रेक मारल्यावरच ओढतो की एरवीही ओढतो, हे मुद्दाम बघून ठेवा. पुढं त्याचा उपयोग होतो.

वळणच न घेणं: ड्रायव्हर येऊन सांगतो, "मामा, स्टेअरिंग पुरं कापलंय, तरी गाडी वळंना." चाकं वळलेली दिसतात आणि ट्रॅक्टर मात्र सरळच सरकत राहतो. भरल्या ट्रॉलीला हे जास्त होतं, आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच.

परत सरळ न येणं: वळण संपलं तरी चाकं वळलेलीच राहतात, हाताने ओढून आणावी लागतात.

पॉवर स्टेअरिंगवाल्यांसाठी आणखी दोन: हातातलं चाक टोकाला नेऊन धरलं तरी हळूहळू फिरतच राहतं, किंवा वळवताना पंपाचा आवाज येतो आणि हाताला झटके बसतात.

कुठून सुरुवात करायची

बहुतेक जण सुरुवात करतात ती स्टेअरिंग बॉक्सपासून, म्हणजे हातातल्या चाकाचा फेरा पुढं पोचवणारे दाते ज्यात असतात त्या डब्यापासून. बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो पिळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, आणि चार दिवसांनी ट्रॅक्टर जड होऊन परत येतो. मी उलट्या बाजूने जातो. चाक जमिनीला टेकतं तिथून सुरुवात आणि हातातल्या चाकापाशी शेवट. यात दोन फायदे आहेत. खालच्या तपासण्या फुकट किंवा फार तर काही रुपयांच्या असतात. शिवाय माती, पाणी आणि दणके सगळ्यात आधी खालच्याच भागांना बसतात, त्यामुळे दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

मी मुख्यतः टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. हात लावण्याआधी ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, इंजिन बंद, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली एक्सलला लाकडी ओंडका दिल्याशिवाय हात घालू नका. जॅक घसरायला एक क्षण पुरतो.

पहिली तपासणी फुकटची: ट्रॉली सोडा

ट्रॉली सोडून मोकळा ट्रॅक्टर तेवढ्याच वेगाने, तशाच रस्त्याने एकदा फिरवून आणा. दोष गेला, तर स्टेअरिंगच्या एकाही भागाला पाना लावायचा नाही. दोष वजनाचा आहे.

हे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण याच गोष्टीकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुढचं चाक तिरकं झालं की टायर जमिनीला आडवा रेटा देतो आणि त्या रेट्याने ट्रॅक्टरचं तोंड वळतं. हा रेटा टायरवर किती वजन आहे त्यावर ठरतो. वजनच नसेल तर चाक कितीही कापा, ते नुसतं खरवडत सरळ जातं. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. होडी प्रवाहाबरोबर त्याच वेगाने नुसती वाहत असेल तर सुकाणू कितीही फिरवा, तोंड वळत नाही. सुकाणूवरून पाणी सरकत असलं पाहिजे. विमानाच्या शेपटीचं सुकाणूही तसंच, त्याला वारा लागतो. म्हणून धावपट्टीवर हळू चालताना वैमानिक विमान वळवतो ते पुढच्या चाकाने, शेपटीच्या सुकाणूने नव्हे. सुकाणूला पाणी आणि वारा, तसं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला वजन.

आता हिशेब बघा. समजा ट्रॅक्टरचं वजन 1900 किलो आहे आणि त्यातलं 700 किलो पुढच्या एक्सलवर येतं. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर 2 मीटर. ट्रॉलीच्या दांडीने हुकावर 600 किलो टाकले आणि हुक मागच्या एक्सलच्या 75 सेंटिमीटर मागं आहे. मागचा एक्सल हा टेकू धरला तर पुढचं वजन 225 किलोने हलकं होतं. राहिले 475. हे झालं सपाटीवर, उभ्या ट्रॅक्टरचं. आता मळीच्या रानातून पाणंदीने डांबरीवर चढताय. ट्रॉलीची ओढ समजा 800 किलोची, हुक जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर. त्या ओढीने पुढचे आणखी 180 किलो उचलले जातात. राहिले 295. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या एक्सलवर हवा असं धरतात, म्हणजे या ट्रॅक्टरला 380 किलो. आपण त्याच्या बरंच खाली आलो. अशा चढाला ड्रायव्हर म्हणतो स्टेअरिंग हलकं झालं, आणि वरच्या वळणावर ट्रॅक्टर सरळ बांधाकडं जातो.

उपायही याच हिशेबात आहेत. हुक खालच्या भोकात घ्या. 45 चा हुक 60 सेंटिमीटरवर नेला तर त्याच चढाला आणखी 60 किलो पुढून उचलले जातात. टॉप लिंकच्या (मागच्या अवजाराला धरणारी वरची दांडी) जागी किंवा वर कुठंही साखळी बांधून ट्रॉली ओढू नका, त्यात ट्रॅक्टर मागं उलटतो. पुढं वजनं लावा, ती कंपनीने त्यासाठीच दिलेली असतात. दोनचाकी ट्रॉलीत ऊस पुढं रचला की सगळा भार दांडीवर येतो. आणि मागं लांब लोंबता सोडला की दांडी वर उचलली जाते, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॅक्टर मागून ढकलला जातो. भार ट्रॉलीच्या एक्सलच्या जरासा पुढं हवा. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पुढचा दोष जाईल असं काही जण समजतात. त्याने मागची पकड वाढते, ओढ वाढते आणि पुढचं उलट जास्त उचलतं.

कारखान्याच्या काट्यावर जास्त टन दाखवायची ओढ मला कळते. खेपेमागं पैसे असतात. पण पुढचं चाक उचलत असताना केलेली खेप रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर केलेली असते.

हवा आणि टायर

मोकळ्या ट्रॅक्टरलाही दोष राहिला तर हवा मोजा. अंगठ्याने दाबून नाही, गेज लावून, टायर गार असताना. पुढच्या लहान टायरमध्ये हवा साधारण 26 ते 36 पीएसआय असते, मागच्या मोठ्या टायरमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत मिळेल. डाव्या-उजव्यात फरक असेल तर ट्रॅक्टर कमी हवेच्या बाजूला ओढतो. दोन्हींत हवा कमी असेल तर स्टेअरिंग जड होतं, कारण टायरचा जास्त भाग जमिनीला घासतो. "जड लागतंय" म्हणून आलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांचा प्रश्न हवेच्या नळीवर संपलाय.

मग टायरची कड बघा. पुढच्या टायरला गोल फिरणाऱ्या उभ्या कडा असतात. त्यातली मधली कड सरळ ओळीत धरून ठेवायचं आणि आडवं न सरकण्याचं काम करते. ती झिजून बाजूच्या कडांच्या पातळीला आली की ओल्या काळ्या मातीत चाक वळून उपयोग नसतो. आता तळहात टायरवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने कडा हाताला टोचल्या, तर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत असणं, बिघडलंय. ते पुढं बघू.

ब्रेकची दोन पेडलं

हे फक्त ट्रॅक्टरचं दुखणं. रानात सरीच्या टोकाला झटकन वळायला एकाच बाजूचा ब्रेक मारतात, म्हणून दोन पेडलं वेगळी असतात. रस्त्यावर ती पट्टीने एकत्र जोडायची असतात. ती पट्टी बऱ्याच ट्रॅक्टरांवर गंजून पडलेली किंवा काढून टाकलेली असते. ब्रेक मारल्यावरच ओढ जाणवत असेल तर पट्टी लावा आणि दोन्ही पेडलांचा मोकळा फेरा सारखा आहे का बघा. एक लवकर धरत असेल तर वेगात ब्रेक मारताक्षणी ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो, मागून ट्रॉली रेटते, आणि पुढचं सांगायला नको. पेडलाच्या रॉडवरचं ॲडजस्टमेंट पुस्तिका बघून घरी करता येतं. तरीही एक बाजू धरूनच राहत असेल तर आतल्या डिस्क उघडायचं काम मेकॅनिकचं.

चाक उचला: हब, किंग पिन, सेंटर पिन

पुढचं एक चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. एक हात वर आणि एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. मग हात डावी-उजवीकडं धरून हलवा. वर-खाली धरल्यावर हललं तर हबचं बेअरिंग किंवा किंग पिनचा (चाक डावं-उजवं वळतं ती उभी पिन) बुश. नुसत्या आडव्या धरणीत हललं तर बहुतेक टाय रॉडचा (चाकांना वळवणारा आडवा रॉड) जॉइंट.

बेअरिंग की किंग पिन हे ओळखायला दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही आतून बघा. चाक आणि हब हलतंय पण स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो छोटा एक्सल) स्थिर आहे, म्हणजे बेअरिंग. स्टब एक्सलच एक्सलच्या नळीत डुलतोय, म्हणजे किंग पिनचा बुश गेला.

बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर टोपी काढून, स्प्लिट पिन काढून, चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळा. फिरायला जड झालं की मागं घेऊन पिनच्या भोकाशी जुळवा. फिरवत आवळायचं कारण असं की रोलर आपल्या जागी बसतात, नाहीतर दोन फेऱ्यांत परत ढिलं. स्प्लिट पिन दरवेळी नवी घाला. टोपीत निघालेलं ग्रीस पांढरट आणि पातळ असेल तर आत पाणी गेलंय. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कृष्णा-वारणेकाठचे ट्रॅक्टर पाण्याखाली गेले, तेव्हा इंजिनाचं तेल सगळ्यांनी बदललं, हब फार थोड्यांनी उघडले. त्यांची बेअरिंगं मग हंगामात बोलायला लागली. शिराळा-पाटणकडं भाताची चिखलणी करणाऱ्यांनी चिखलणी संपली की हब धुऊन नवं ग्रीस भरलंच पाहिजे.

किंग पिनला ग्रीस भरताना एक गोष्ट पाळा. चाक जमिनीवर असताना भरू नका. भाराखाली पिन बुशच्या एका बाजूला दाबलेली असते, तिथं फट राहत नाही आणि ग्रीस मोकळ्या बाजूने बाहेर येतं. ज्या बाजूची झीज होते ती कोरडीच राहते. एक्सल उचलून, चाक डावं-उजवं फिरवत, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत भरा. ग्रीस जातच नसेल तर निपल बंद आहे, काही रुपयांचं निपल बदला. तरीही गेलं नाही तर पिन काढून आतली वाट मोकळी करावी लागेल. कोरडी किंग पिन हे जडपणाचं आणि "वळण संपलं तरी परत येत नाही" या तक्रारीचं हवेखालोखालचं कारण आहे. माती-पाण्यात काम असेल तर ग्रीस रोज.

पुढचा अख्खा एक्सल मधोमध ज्या पिनीवर डोलतो ती सेंटर पिन. एक्सल आणि सपोर्ट यांच्यात पहार घालून पुढं-मागं रेटून बघा. एक्सल पुढं-मागं सरकला तर बुश किंवा वॉशर गेलाय. हा दोष फसवा असतो. सगळे जॉइंट चांगले, टायर चांगले, आणि ट्रॅक्टर रस्त्यावर तरीही भटकतो, कारण एक्सलच तिरका होतोय.

जॉइंट हाताने ओळखणं

याला दोन माणसं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. चाकं जमिनीवर, भार चाकांवर. वर बसलेला माणूस हातातलं चाक थोडंसंच डावं-उजवं करत राहतो, प्ले संपून पुढची चाकं जेमतेम हलू लागतील एवढंच. मेकॅनिकल स्टेअरिंगला इंजिन बंद ठेवा. पॉवरला मंद चालू ठेवावं लागेल, मग खालच्याने चाकाच्या आणि एक्सलच्या मध्ये कधीही डोकं घालायचं नाही.

खालच्याने पुसून घेतलेल्या प्रत्येक जॉइंटवर तळवा ठेवायचा, असा की निम्मा तळवा जॉइंटच्या एका बाजूवर आणि निम्मा दुसऱ्यावर. चांगल्या जॉइंटचे दोन्ही भाग एकदम हलतात, हाताला काहीच वेगळं लागत नाही. गेलेल्या जॉइंटमध्ये एक बाजू आधी हलते, मग बारीक "टक" लागतं, आणि मग दुसरी. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला कळतं. आधी दोन्ही टाय रॉड एंड, मग ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकांकडं जाणारा रॉड) दोन्ही टोकं, मग बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म. जिथं हालचाल हरवते तिथं दोष. ड्रॉप आर्मचा नट ढिला होऊन शाफ्टवरच्या दात्यांवर आर्म डुलत असेल तर ट्रॅक्टर तिथंच उभा करा.

बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा: रबरी टोपी फाटली आहे का, आणि नटात स्प्लिट पिन आहे का. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 हेच सांगतो. स्टेअरिंगचा मोकळा फेरा 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. हातातलं चाक 40 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर 30 अंश म्हणजे कडेवर सुमारे 10 सेंटिमीटर होतात. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. चांगल्या ट्रॅक्टरला याच्या निम्म्यातच काम भागलं पाहिजे. आणि टोपीचं महत्त्व असं की ती फाटली की आत माती जाते, मातीचं ग्रीसबरोबर घासणं सुरू होतं आणि नवा जॉइंट एका हंगामात संपतो.

जॉइंट बदलायचाच असेल तर काढण्याआधी रॉडवर खडूने खूण करा आणि किती आटे आत आहेत ते मोजून लिहून ठेवा. तेवढेच आटे नवा आत घ्या, म्हणजे टो-इन फार हलत नाही. गेलेला जॉइंट वेल्डिंगने ठोकून, आत वॉशर घालून किंवा वरून दाबून चालवण्याची पद्धत मी पाहिली आहे. ती साफ चूक आहे. तापवलेला पोलादी भाग ठिसूळ होतो आणि तो तुटतो तो भरल्या ट्रॉलीच्या वळणावर, कारण जोर तिथंच येतो.

टो-इन, टेप लावून

चाकं नाचत असतील, टायरच्या कडा टोचत असतील, किंवा नुकताच जॉइंट बदलला असेल तर टो-इन मोजा. ट्रॅक्टर सपाट जागी थोडा पुढं चालवून सरळ उभा करा. पुढच्या दोन्ही टायरच्या मधोमध, पुढच्या अंगाला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता ट्रॅक्टर हळूच पुढं ढकला, त्याच खुणा मागच्या अंगाला हबच्या उंचीवर येईपर्यंत. परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी पाहिजे, किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं. त्याच खुणा मागं आणायचं कारण म्हणजे रिम जराशी वाकडी असली तरी मापात चूक येत नाही.

फरक असेल तर टाय रॉडचे चेकनट ढिले करून रॉड फिरवा. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर टो-इन बरोबर येईल पण सरळ चालताना हातातलं चाक तिरकं राहील आणि एका बाजूला वळण कमी मिळेल. चेकनट परत आवळायला विसरू नका.

टो-इन बरोबर असूनही वळणावर टायर किंचाळत असतील किंवा एका बाजूला वळताना माती उकरली जात असेल, तर स्टेअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड जोडलेला चाकाकडचा दांडा, वाकला असण्याची शक्यता आहे. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचा घेर लहान असतो. ते साधण्यासाठी आर्म मुद्दाम तिरके ठेवलेले असतात. ही रचना म्युनिकच्या गेऑर्ग लँकेनश्पेर्गर याने घोडागाड्यांसाठी काढली आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमन याने 1818 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, म्हणून ती आकरमनच्याच नावाने चालते. आजच्या गाड्यांची चाकंही थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर वळतात. बांधाला धडकून आर्म वाकला की हा कोन जातो. वाकलेला आर्म सरळ करत बसू नका, बदला.

पॉवर स्टेअरिंग

बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांत हातातल्या चाकाचा आणि पुढच्या चाकांचा लोखंडी संबंधच नसतो. चाकाखाली ऑर्बिट्रॉल असतो, तो तेल मोजून सिलिंडरला पाठवतो. इंजिन बंद पडलं तरी हाताच्या जोरावर तो थोडं तेल ढकलतो, पण फार जड लागतं. म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं पॉवर स्टेअरिंगवाल्याने कधीच करू नये.

आधी तेलाची पातळी आणि रंग बघा. काहींची टाकी वेगळी असते, काही ट्रान्समिशनचंच तेल वापरतात. तेल दुधाळ असेल तर पाणी, फेसाळ असेल तर हवा. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलाच. पंपाच्या सक्शन (तेल ओढणाऱ्या) पाइपचा क्लिप ढिला असला तरी तेल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. आवाज आणि झटके त्यातूनच येतात. क्लिप आवळल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन मंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा हळू फिरवा. फेस जाईल.

टोकाला नेऊन क्षणभर धरलं आणि चाक हळूहळू फिरतच राहिलं, तर सिलिंडरचं सील किंवा ऑर्बिट्रॉल आतून गळतोय. ही परीक्षा तीन-चार सेकंदांत आटपा. टोकाला धरून ठेवलं की सगळा दाब रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणारी झडप) येतो आणि तेल तापतं. पाइपमधली बारीक गळती शोधायला बोट फिरवू नका. दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी बोट जाण्याइतकी गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तेल घुसल्याची शंका जरी आली तरी लगेच दवाखाना.

शेवटी बॉक्स

इथंवर सगळं ठीक निघालं तरच बॉक्सकडं या. आधी त्याचे फाउंडेशन बोल्ट आवळून बघा, बॉक्स स्वतःच हलत असेल तर तोच प्ले वाटतो. मग आतलं तेल बघा. मग स्क्रू, आणि तोही पुढची चाकं उचलून, सरळ ठेवून, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. आतले दाते सगळ्यात जास्त झिजतात ते मधल्या जागी, कारण आयुष्यभर ट्रॅक्टर सरळच चालतो. मधला प्ले पार घालवायला स्क्रू पिळला की टोकांना, जिथं झीज नाही, तिथं दाते अडकतात. मग वळणावर चाक परत येत नाही. प्लेपेक्षा हे जास्त वाईट. पाव फेरा देऊन स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवा. कुठंही जड झालं तर परत मागं घ्या आणि तिथंच थांबा.

पिकअप-कारवाल्यांसाठी दोन ओळी. क्रम हाच: हवा, टायर, जॉइंट, अलाइनमेंट. पसरणी किंवा खंबाटकी घाट रोजचा असेल तर बॉल जॉइंट आणि रॅकच्या रबरी टोप्या प्रत्येक सर्व्हिसला बघून घ्या. स्टेअरिंगचा दिवा डॅशबोर्डवर लागला असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा, पुढचं काम स्कॅनर असलेल्याकडं.

कुठं थांबायचं

आर्म, टाय रॉड, ड्रॉप आर्म किंवा एक्सलवर केसासारखी चीर दिसली. किंग पिनचा बुश दाबून बसवायचा आहे. ऑर्बिट्रॉल, पंप किंवा बॉक्स आतून उघडायचा आहे. पुढचा एक्सल फोर-व्हील ड्राइव्हचा आहे आणि त्यातून आवाज येतोय. यातलं काहीही असलं तर घरी करू नका, मेकॅनिक बोलवा. आणि प्ले एका दिवसात अचानक वाढला असेल तर ट्रॅक्टर चालवत गॅरेजला नेऊसुद्धा नका, कुठंतरी नट सुटलाय किंवा काहीतरी तुटत आलंय. कारखान्याच्या नंबरात उभे असाल तर नंबर जाऊ द्या, ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडा.

मेकॅनिकला फोन करताना एवढं सांगा: दोष मोकळ्या ट्रॅक्टरला आहे की भरल्या ट्रॉलीलाच, दोन्ही बाजूंना की एका, ब्रेक मारल्यावर की एरवीही, कोणत्या जॉइंटला "टक" लागलं, आणि हवा किती निघाली. तो योग्य सामान घेऊनच येईल, तुमची एक फेरी आणि त्याची मजुरी वाचेल.

दुरुस्तीनंतर आधी मोकळा ट्रॅक्टर, मग रिकामी ट्रॉली, मग भरलेली, या क्रमाने चालवून बघा. पहिल्या दिवसाचं काम संपल्यावर उघडलेला प्रत्येक नट, चेकनट आणि स्प्लिट पिन पुन्हा एकदा हात लावून तपासा. नवा जॉइंट टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) बसला की नट हमखास थोडा सैल होतो.